सामाईक चूल

पुढच्या माणसाच्या पाठीवरचं ठिगळ तिने ओळखलं. हिरव्या जाड कापडाचं, चौकोनी, एका कोपऱ्यात टाके जरा वाकडे गेलेलं. ते तिनेच लावलं होतं, गल्लीच्या शेडमधल्या बाकावर बसून, "आता सदरा फाटेल, पण ठिगळ फाटायचं नाही" असं ऐकवत. तिने डोक्याचा रुमाल नाकापर्यंत ओढला आणि रांगेतून निसटायला वळली, तर मागे ही गर्दी!

"ओ बाई, कुठे चाललात? जागा गेली की गेली हं," मागचा म्हणाला.

त्या आवाजाने ठिगळवाला वळला. गल्लीतला केस कापणारा तो. कोणाच्याही घरातलं त्या घराच्या आधी याला कळायचं, म्हणून सगळे त्याला बातमीदार म्हणत.

"मुकादमीणबाई! तुम्ही?"

"मी भाजी बघायला निघाले होते."

"गोदामात?"

"आणि तुम्ही हो? तुम्ही काय गोदामाची हजामत करायला आलात?"

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "काय सांगू तुम्हाला. गिऱ्हाईक येतं, दाढी करून घेतं आणि म्हणतं, बदल्यात तुमच्या खुर्चीचा पाय नीट करून देतो. खुर्चीचे सगळे पाय नीट झालेत हो आता."

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हे. बाटल्यांचा कारखाना चालू होता तेव्हा माल बांधायच्या हॉलमध्ये ती बायकांवर मुकादम होती, आणि तिचा आवाज भट्टीच्या घरघराटावरून पलीकडच्या दारापर्यंत पोचायचा. कारखाना बंद पडला, मालक परागंदा झाला, तेव्हा सगळी गल्ली डोक्याला हात लावून बसली होती. ही एकटी उठली. "पैसे गेले, हात गेलेत का?" असं विचारत दारोदार फिरली. कारखान्याची रिकामी शेड झाडून घेतली, मागच्या पडीक जागेत भाज्या लावल्या. गवंड्याने शिंप्याचं छप्पर नीट करायचं, शिंप्याने गवंड्याच्या पोरांचे कपडे शिवायचे. ज्याच्या हातात जे असेल ते त्याने द्यायचं. आणि शेडच्या तोंडाशी सगळ्यांची मिळून एक चूल. जळण वाचतं, धान्य पुरतं, असं ती सगळ्यांना सांगायची. कोणाच्या घरात आज काही शिजलं नाही हे कोणाला दिसू नये, हे मात्र तिने कधी बोलून दाखवलं नाही. चूल मांडली होती ती खरं तर त्यासाठीच.

बरेच महिने चाललं, आणि चांगलं चाललं. बाहेरचे लोक बघायला यायचे, माना डोलवून जायचे. मग उन्हाने भाज्या करपल्या, पातेल्यातलं कालवण दिवसेंदिवस पातळ होत गेलं, आणि हमरस्त्यावर हे गोदाम उभं राहिलं. मजुरी कारखान्याच्या निम्मीसुद्धा नाही. शेडमध्ये बैठक बसली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हीच बोलली होती. एकेकट्याने कोणी जायचं नाही. गेलो तर सगळे मिळून, आपला दर सांगून. नाहीतर कोणीच नाही. आज दोन-चार धडधाकट माणसं फुटली तर उद्या शेड बसलीच म्हणून समजा! सगळ्यांना पटलं होतं. बातमीदाराने तर टाळ्या वाजवल्या होत्या.

पण नवऱ्याच्या छातीला बैठकीतलं काय कळणार? तो भट्टीवर होता. सगळा जन्म धुरात आणि काचेच्या धुळीत गेला. आता दाराशी जाऊन आला तरी छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि तोंडात ओढायचा फवारा एक दिवसही चुकवायचा नाही. म्हणून त्याची खाट गल्लीच्या पार टोकाच्या खोलीत हलवली होती, चुलीपासून होता होईल तेवढी लांब. फवारा मात्र कोणी कशाच्या बदल्यात देईना. औषधवाल्यापुढे तिने शिवण, धुणं, भांडी, सगळं मांडून पाहिलं. "बाई, मलाच हे रोखीने घ्यावं लागतं," तो म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. शेवटचा फवारा संपला होता. आता नवरा झोपायचाच नाही, भिंतीला टेकून बसून राहायचा. ती बाजूला पडून त्याचे श्वास ऐकायची, आणि दोन श्वासांमध्ये जरा वेळ गेला की तिचाच जीव जायचा.

"तुमचं कळतंय मला," बातमीदार हळूच म्हणाला. "हे बघा, आपण दोघंच आहोत. कोणाला कळायला नको."

"तुमच्या पोटात राहील तर ना!"

एवढ्यात पुढे कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं मुद्दामचं होतं. पाच-सहा माणसं सोडून शिंपीमामा उभे होते, या वयात टाचा उंचावून ताठ दिसायची धडपड करत. आणि त्यांच्या पलीकडे, तिने डोळे बारीक करून पाहिलं, तिची धाकटी जाऊ!

आता मात्र तिचा पारा चढला. "जागा धरा माझी," असं बातमीदाराला सांगून ती तरातरा पुढे गेली.

"काय गं, तुला चुलीपाशी बसवून आले ना मी?"

जाऊ पांढरीफटक पडली. "जाऊबाई, मी मामींना सांगून आले. आजच्या दिवस तुम्ही बघा म्हटलं. पोरीला दूध नाही हो आठ दिवस."

मामी म्हणजे शिंपीमामांची बायको. मुकादमिणीने मामांकडे पाहिलं. मामांनी टाचा खाली टेकल्या.

"ती मागे रांगेत आहे," ते म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं, इथे आल्यावर दिसली. तिने गवंड्याच्या बायकोला सांगितलंय म्हणे."

गवंड्याची बायको फाटकाला अगदी चिकटून उभी होती, सगळ्यांच्या आधी आलेली. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, कोणी ना कोणी असेलच.

मुकादमिणीने रांगेवरून नजर फिरवली. एकेक रुमाल, एकेक टोपी, एकेक खाली घातलेली मान ओळखीची निघत गेली. अख्खी गल्ली! चोरासारखी, एकमेकांना चुकवत, वेगवेगळ्या वाटांनी आलेली अख्खी गल्ली. एरवी हसून हसून मुरकुंडी वळली असती. कोणीतरी फिस्सकन हसलंही, पण ते हसू तिथल्या तिथे विरलं.

"म्हणजे तिकडे कोणीच नाही," जाऊ म्हणाली. "पोरं ताटं घेऊन बसतील हो."

"कोणीतरी परत जा," मुकादमीण म्हणाली. हॉलमध्ये हुकूम सोडायची तशीच म्हणाली, पण कोणा एकाकडे बघून म्हणाली नाही. कोणी हललं नाही. तीही हलली नाही.

फाटक उघडलं. आतून एक तरुण साहेब बाहेर आला. त्याच्या मागे अंगणात ट्रक ताटकळत उभे होते, खोक्यांच्या थप्प्या उन्हात पडल्या होत्या. त्याने रांगेचं शेपूट कुठवर गेलंय ते पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"काम सगळ्यांना आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळपासून यायचं. फक्त एक आहे. जो दर सांगितला होता तो एवढ्या लोकांना देता यायचा नाही, त्यातून थोडा कमी होईल. ज्यांना चालत असेल त्यांनी आत या."

कोणी न सांगता, सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सगळे मिळून आलेलेच होते. ट्रक खोळंबले होते. आपला दर सांगायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती? ती नुसतं "नाही" म्हणाली असती तर सगळी रांग तिच्या मागोमाग माघारी फिरली असती, आणि साहेब धावत मागे आला असता. हे तिला पक्कं कळत होतं.

तिने तोंड उघडलं. आणि तिच्या कानात नवऱ्याच्या छातीची ती घरघर सुरू झाली. आणखी किती दिवस ऐकू येईल, कोण जाणे.

"मला चालेल," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की साहेबाने "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

"चालेल म्हटलं."

मग मागून सगळ्यांचं चालेल, चालेल सुरू झालं. बातमीदार म्हणाला, जाऊ म्हणाली, शिंपीमामा तर दोनदा म्हणाले, वयामुळे आपल्याला वगळतील या धास्तीने. सगळे मिळून जायचं ठरलं होतं, सगळे मिळूनच आत गेले.

परतताना सगळ्यांनी एकच वाट धरली. आता लपवायचं राहिलं होतं काय? ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीच्या वळणावर बातमीदार एकदम थांबला.

"धूर," तो म्हणाला.

शेडवरून धूर निघत होता. सगळ्यांच्या जिवात जीव आला. "बघा, आहे की कोणीतरी," शिंपीमामा म्हणाले.

"पण राहिलंय कोण मागे?" जाऊ आठवू लागली. "पलीकडच्या आजी तर अंथरुणातून उठत नाहीत. बाकी सगळी पोरंच..."

तिचं बोलणं अर्धंच राहिलं. मुकादमीण धावत सुटली होती.

शेडच्या तोंडाशी पोरं ओळीने बसली होती, ताटं पुढ्यात, तोंडं बरबटलेली. चुलीत ओलं लाकूड धुमसत होतं, आणि सगळा धूर छपराखाली कोंडला होता. त्या धुरात एका पालथ्या खोक्यावर तिचा नवरा बसला होता. हातात फुंकणी. ओठ निळे पडलेले. एकेक फुंकर घातली की तो मान मागे टाकून हवा शोधायचा, आणि पुन्हा वाकायचा.

"अहो! वेड लागलंय का तुम्हाला?" तिने फुंकणी हिसकावून घेतली. "कोणी सांगितलं होतं हे? मरायचंय का?"

त्याने हात वर केला, थांब जरा, असा. कितीतरी वेळ त्याची छाती नुसती वरखाली होत राहिली.

"पोरं आली होती," तो म्हणाला. "खोलीपाशी. भूक लागली म्हणाली." पुन्हा थांबला. "इथे येऊन बघतो तर... कोणीच नाही."

बाकीचे एव्हाना पोचले होते. घोळका करून बाहेरच उभे राहिले. आत कोणी येईना. जाऊ तोंडावर हात दाबून रडायला लागली.

"बसा की," तो म्हणाला. "पुरेल सगळ्यांना. पाणी वाढवलंय."

ते बसले, पोरांच्या मागे ओळ धरून. मुकादमिणीने डाव घेतला आणि वाढायला लागली. कुठे होतात, असं त्याने कोणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं. तो खांबाला टेकून एकेकाच्या ताटाकडे बघत होता, सगळ्यांना आलं की नाही ते.

वाढून झालं तेव्हा त्याने विचारलं, "उद्या चुलीवर कोण आहे?"

बातमीदार ताटात नुसतं बोट फिरवत राहिला. शिंपीमामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मुकादमीण पातेल्यावर वाकून तळ खरवडत राहिली, तळाशी काही उरलेलं नव्हतं तरी.

त्याने फुंकणी पुन्हा आपल्याजवळ ओढली.

"बरं," तो म्हणाला. "मग जाताना लाकडं तेवढी... वाळकी बघून काढून ठेवा."