अकरा दिवस हिरवं

सयाजीरावांची बायको मालन वारली आणि तिच्या नऊ कुंड्या मागं राहिल्या. त्यांचं काय करायचं हा प्रश्न सयाजीरावांना पडला नाही. त्यांना कुठलाच प्रश्न पडत नव्हता. ताट समोर आलं की जेवायचे, अंधार पडला की आडवे व्हायचे. बावडा गावातले शेजारी म्हणायचे, माणूस धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं.

पुण्याच्या लेकीनं, अनुजानं, त्यांना तिकडं न्यायचा हट्ट धरला. "आणि झाडं?" असं सयाजीराव म्हणाले. झाडांचा पुळका नव्हता, हलायचा कंटाळा होता. शेवटी ठरलं, झाडं जगली तोवर आबा बावड्यात, वाळली की पुण्यात. मग लेकीनंच उंटावरून शेळ्या हाकायची सोय केली. मातीत खोचायच्या नऊ काड्या आणि प्लगात बसवायची एक पांढरी डबी धाडून दिली. काड्या ओल मोजायच्या आणि डबी घरातल्या वायफायवरून कळवायची: ओल कमी झाली की दोघांच्याही मोबाईलवर लाल खूण, पाणी पोचलं की हिरवी.

आता गंमत बघा. हाच माणूस साखर कारखान्यात चौतीस वर्षं पॅनमन होता. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घ्यायचा, दोन बोटांत चोळायचा आणि दाणा धरला की नाही ते सांगायचा. मीटर काहीही दाखवो, साहेबलोक सयाजीच्या बोटांकडं बघायचे. अशा माणसाला मातीची ओल सांगायला काडी कशाला लागावी? पण लागली. लाल दिसलं की उठायचे, तांब्याभर पाणी घालायचे, हिरवं झालं की बसायचे. दिवसभरात त्यांना कुणी काही करायला सांगत होतं, तर ती खूणच.

मार्चच्या शेवटी घरातल्या वायफायचं रिचार्ज संपलं. ते मालन बघायची, त्यांना पत्ताच नव्हता. डबी मुकी झाली आणि मोबाईलवर शेवटची खूण तशीच राहिली. हिरवी. अकरा दिवस हिरवी. सयाजीराव रोज सकाळी मोबाईल बघायचे, आणि मोगऱ्याच्या कुंडीला वळसा घालून पेपर आणायला जायचे.

बाराव्या दिवशी गावाहून परतलेली शेजारची शमशाद डबा द्यायला आली आणि दारातच थबकली.

"दादा, ह्ये काय वो? समदी वाळून कोळसा झाल्यात की!"

"हिरवं हाय की," म्हणत त्यांनी मोबाईल पुढं केला.

"मोबाईल कशाला दावताय? बोट घालून बघा की जरा."

त्यांनी बोट घातलं. माती विटेसारखी टणक होती, बोट पेरभरही आत गेलं नाही. नऊच्या नऊ कुंड्यांत घालून बघितलं. आता वाईट वाटेल म्हणून त्यांनी वाट बघितली. काही वाटलं नाही, आणि मग त्याची मात्र भीती वाटली.

शमशादला पुण्याचा करार ठाऊक होता. ती हळूच म्हणाली, "माझ्या पोराला, तोहिदला, नर्सरीत धाडते. अशीच नऊ आणंल. अनुजाला कळायचं बी न्हाय."

"नगं," सयाजीराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःच फोन लावला.

"आबा! सगळं ठीक आहे ना?"

"झाडं मेली, अनुजा. समदी."

"असं कसं? मला तर रोज हिरवं..." मग तिचा आवाज बारीक झाला. "आबा, मी फोनच केला नाही. हिरवं दिसायचं, म्हणून वाटायचं तुम्ही उठताय, पाणी घालताय, बरे आहात. कामाच्या गडबडीत तेवढ्यावरच राहिले. किती दिवस झाले?"

फोन आला नाही हे सयाजीरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

शेवटचं पाणी घातल्यापासूनचे दिवस त्यांनी बोटांवर मोजले. "अकरा," ते म्हणाले.

पलीकडं ती रडत होती.

"रडू नगंस. मी बी त्यांच्यावरनंच रोज जात हुतो. दिसली न्हाईत. तुझी आई गेल्यापास्नं मला कशाचंच काय वाटंना झालंय गं. झाडं मेली, तरी न्हाय. ह्ये कुणाला सांगू?"

"मला सांगा. मी आत्ता निघते, आबा."

"ये," सयाजीराव म्हणाले. शमशादनं त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली आणि ते फोन कानाला तसाच धरून बसून राहिले.