दारातल्या चपला

इंदुताईंनी पाळणाघराचं कुलूप काढलं आणि उंबऱ्यावर उभं राहूनच आतलं सगळं मोजून घेतलं. लोखंडी पाळणे सहा. सतरंज्या चार, त्यातली एक उंदरांनी कुरतडलेली. स्टीलच्या ताटल्या बावीस, पेले एकोणीस. छताच्या हुकाला टांगलेला वजनकाटा एक, त्याची कापडी झोळी जागच्या जागी. भिंतीवरच्या फळ्यावर मार्च २०२० ची वजनं खडूने लिहिलेली तशीच होती. एकोणीस महिन्यांत ती पुसायलाही कुणी आलं नव्हतं.

"वरसाला दोन किलो, बाई, वरसाला दोन किलो!" स्वयंपाक करणाऱ्या पुतळाबाईंनी फळ्याकडे बघत इंदुताईंचा आवाज काढला. "पोपटावानी सांगायच्या तुमी दर आईला. ध्यानात हाय का?"

"आहे की. वाढायलाच पाहिजे तेवढं वजन."

"आन् उद्या पंधरा पोरं मावतील का हितं?"

"मावतील. भरली पाहिजेत."

खराबवाडीतल्या या दोन भाड्याच्या खोल्या म्हणजे वीस बायकांची सहकारी संस्था. सगळ्याजणी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत ठेकेदाराकडे कामाला होत्या. पोरं ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी स्वतःच वर्गणी काढून जागा केली आणि कारभार इंदुताईंवर सोपवला. पोरांच्या फीवर भाडं आणि खिचडी निघत असे. मग कंपन्या बंद झाल्या, आया गावाकडे गेल्या, फी थांबली. भाडं मात्र थांबलं नाही. घरमालकाने तीन महिने सोडले, चौथ्या महिन्यात तो स्वतःच रडकुंडीला आला. संस्थेची मुदत ठेव मोडली, ती यंदाच्या गणपतीपर्यंत पुरली.

आता पुण्यातली एक धर्मादाय संस्था वर्षभराचं भाडं आणि शिधा द्यायला तयार होती. अट एकच. पाहणीच्या दिवशी कामावर असलेल्या आयांची पंधरा मुलं हजर हवीत. कंपन्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. पण थोड्या माणसांत काम भागतं हे आता त्यांना कळलं होतं. इंदुताईंच्या आयांपैकी चौघीच कामावर परतल्या होत्या.

म्हणून त्या दारोदार फिरल्या. गणराजची आई दिपाली भाकरी थापत होती.

"एक दिवस आणून सोड. कुणी विचारलं तर जुन्याच कंपनीचं नाव सांगू. आणि सोडलं की लगेच घरी जा. तिथे थांबायचं नाही."

"थांबून काय करू, ताई? पोराला ठेवू कुठं म्हणून काम धरता येईना, अन् आमाला काम न्हाई म्हणून तुमचं दार उघडंना." तिने भाकरी उलटली. "आणते. नक्की आणते."

दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत सोळा मुलं जमली. एक जास्तच. इंदुताईंनी दोनदा मोजून खात्री केली.

कामावरच्या चौघी सकाळीच मुलं सोडून गेल्या होत्या. मग बाकीच्या बारा आया निघाल्या आणि एकच आकांत झाला. एकोणीस महिने ही पोरं एका खोलीत आईला चिकटून राहिली होती. आई दाराबाहेर जाते म्हणजे काय, हे ती विसरूनच गेली होती. गणराज दाराला धरून इतका रडला की त्याला उलटी झाली. दिपाली कोपऱ्यावरून धावत परत आली.

"कामून असं करायलास रे? हाय की मी!"

तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. अर्ध्या तासात बाराही जणी आतल्या स्वयंपाकाच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलं येऊन आईच्या पदराला हात लावत आणि खेळायला परत जात. पुतळाबाई म्हणाल्या, "घ्या! आता आयांसाठीबी पाळणे टांगा."

त्यांना घरी पाठवायला हवं, हे इंदुताईंना कळत होतं. त्या दारापर्यंत गेल्याही. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

पाहणीला आलेला निरंजन तिशीच्या आतला होता. पायातले बूट काढून तो ठेवायला जागा शोधू लागला. जागा नव्हती. त्याने वाकून एक जोड बाजूला सरकवला, मग दुसरा. सगळ्या बायकांच्या चपला.

आत येऊन त्याने मुलं मोजली. "सोळा. छान." मग थोडं थांबून विचारलं, "पहिली शिफ्ट कितीला लागते, ताई?"

"सातला."

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. पुन्हा एकदा दारातल्या चपलांकडे पाहिलं.

गणराज खेळता खेळता उठला आणि स्वयंपाकघराच्या बंद दारावर तळहात आपटू लागला. "आई. ए आई." त्याने कपाळ दाराला टेकवलं आणि पुन्हा हाक मारली. इंदुताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"उघडा ते दार," निरंजन हळूच म्हणाला. "दमलंय पोरगं."

दार आतूनच उघडलं. दिपालीने मुलाला उचललं आणि मान खाली घालून उभी राहिली. तिच्यामागे अकराजणी, मांडीवर तांदळाची ताटं.

"मी पंधरा लिहिले असते, ताई," तो म्हणाला. "पण प्रत्येक आईच्या कंपनीच्या कार्डाचा फोटो जोडावा लागतो. तो कुठून आणू?"

"यांना काम मिळालं की..."

"यादी आज संध्याकाळी बंद होते."

त्याने फॉर्मवर चार लिहिले आणि इंदुताईंना दाखवून सही घेतली. पुतळाबाईंनी खिचडी खाऊन जा म्हटलं. तो नको म्हणाला. बूट घालताना त्याने सरकवलेले दोन्ही जोड पुन्हा जागेवर लावून ठेवले.

मोटरसायकलचा आवाज दूर गेला.

"चपला आत घ्यायचं ध्यानातच आलं न्हाई, ताई," दिपाली म्हणाली.

"पोरं रडत होती. कुणाच्या ध्यानात येणार?"

पुतळाबाईंनी पातेलं आणून मधोमध ठेवलं, तशी मुलं ताटल्या घेऊन बसली.

"थांबा," इंदुताई म्हणाल्या. "आधी वजन."

जेवणाआधी वजन, हा इथला जुना नियम होता. त्यांनी काटा शून्यावर आणला. दिपालीने गणराजला झोळीत ठेवलं. तो आईचं बोट सोडेना, म्हणून काटा हलत राहिला. तिने बोट सोडवून घेतलं. काटा स्थिर होईपर्यंत इंदुताई थांबल्या, मग खडू घेऊन फळ्याकडे गेल्या.

गणराजच्या नावापुढे मार्च २०२० चे अकरा किलो दोनशे ग्रॅम होते. त्यापुढे त्यांनी आजचे लिहिले. अकरा किलो सहाशे.