हजर प्रेक्षक: पंचवीस

संध्याने पेनचं टोपण दातात धरलं आणि वहीत चौदावं नाव लिहिलं. नावापुढे फोन नंबर, त्यापुढे येण्याची वेळ. तेराव्याला तिने दोन वाजून पाच मिनिटं दिली होती, म्हणून चौदाव्याला दोन वाजून दहा दिली, आणि मग पेन बदललं. सगळी माणसं एकाच मिनिटाला एकाच पेनने सही करून आत आली, असं कुठे होत नाही.

समोर आयर्लंडमधल्या शॅनन गावच्या सार्वजनिक मैदानावर तिच्या नवऱ्याची, उपेंद्रची क्रिकेट टीम फिल्डिंग करत होती. सीमारेषेबाहेर, प्रेक्षकांच्या जागेत, घडीच्या खुर्चीवर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. लीलावतींनी आल्याआल्या आपलं नाव स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं. त्या पहिल्या. त्यांच्याखालचे तेरा जण या क्षणी आपापल्या घरी सोफ्यावर होते, आणि पंधरावा कोण असावा याचा संध्या विचार करत होती.

क्लेअर काउंटीत खेळ म्हणजे हर्लिंग. हातात लाकडी काठी घेऊन जीव खाऊन पळायचं आणि चेंडू पलीकडे भिरकावायचा. बाकीचे खेळ चालतात, पण पाहुण्यांसारखे, दाराशी चपला काढून. त्या रविवारी क्लेअरची हर्लिंगची मोठी मॅच टीव्हीवर होती. वसाहतीतल्या खिडकी-खिडकीतून भगवे-निळे झेंडे लोंबत होते. त्यातला भगवा पाहून नवा आलेला मराठी माणूस आधी हुरळतो, मग चौकशी करतो, आणि दोन-तीन वर्षांत स्वतःच तो झेंडा विकत घेतो.

शॅननच्या मराठी मंडळींनी तो घेतला होता. सात वर्षांपूर्वी औषधांच्या आणि मेडिकल उपकरणांच्या कारखान्यांतल्या इंजिनियरांनी इथे क्रिकेट क्लब काढला. उपेंद्रने दोन महिने सुट्टीच्या दिवशी माती उकरून, सपाट करून, वर मॅट ठोकून खेळपट्टी तयार केली. तेव्हा मॅचला साठ-साठ माणसं यायची. कुणी ढोलकी आणायचं, कुणी वडे. मग मुलं शाळेत गेली, शाळेने त्यांच्या हातात हर्लिंगची काठी दिली आणि आईवडील मुलांमागे गेले. त्यात लॉकडाउन आला. यंदा जूनमध्ये मॅचेस पुन्हा सुरू झाल्या तेव्हा खेळाडू परत आले, प्रेक्षक आले नाहीत. संध्या आणि उपेंद्रची मुक्तासुद्धा, अकरा वर्षांची, आज मैत्रिणीच्या अंगणात बसून हर्लिंग बघत होती. बापाच्या मॅचला ये म्हटल्यावर ती तिच्या अस्सल आयरिश इंग्रजीत म्हणाली होती, "मॅम, नोबडी वॉचेस दॅट."

मैदानाच्या कमिटीचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांनी ते पत्रात लिहिलं होतं. हर्लिंगच्या पोरांना सरावाला जागा पुरत नाही. क्रिकेट क्लबच्या चार घरच्या मॅचेसना प्रत्येकी किमान वीस प्रेक्षक आले, तर रविवार त्यांचा. नाहीतर जागा हर्लिंगला. कोविडमुळे प्रत्येक प्रेक्षकाचं नाव वहीत नोंदवावंच लागे, त्यामुळे मोजणीची आयती सोय होती. पहिल्या मॅचला बावीस भरले, दुसरीला एकवीस, तिसरीला हातापाया पडून वीस. ही चौथी होती. संध्या क्लबची स्कोअरर आणि वर कोविड ऑफिसर. वही तिच्या ताब्यात होती.

सकाळी तिने क्लबच्या ग्रुपवर विचारलं होतं, कोण कोण येतंय? उत्तरं भराभर आली.

"वहिनी, आज क्लेअर आहे हो. माझं नाव लिहून टाका."

"आमची चौघांची टाका. मनाने आम्ही तिथेच आहोत."

"लिहा बिनधास्त. कोण तपासतंय?"

चोवीस नावं जमली. तेवीस ग्रुपवरची, आणि चोविसावं तिने स्वतःहून लिहिलं: मुक्ता. ते लिहिताना तिने वेळ घातली दीड वाजताची. निदान वहीत तरी पोरगी बापाची मॅच पहिल्या चेंडूपासून बघू दे.

संध्याकाळी कमिटीची सेक्रेटरी ब्रीडा वही न्यायला आली. साठीची, धिप्पाड बाई. दोन्ही मुलगे हर्लिंग खेळणारे. तिने शेवटचं पान उघडलं.

"पंचवीस," ती म्हणाली. "तेही क्लेअरची मॅच असताना. ग्रँड."

तिने वही काखेत मारली आणि संध्याकडे पाहून मान डोलावली. संध्याला ती मान जरा जास्तच वेळ डोलल्यासारखी वाटली.

बुधवारी सलीलचा फोन आला. सलील टीमचा बोलर. त्याला ताप होता, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली होती.

तासाभरात कोविड ट्रेसिंगच्या ऑफिसातून संध्याला मेसेज आला: रविवारी मैदानावर हजर असलेल्या सगळ्यांची यादी पाठवा. प्रत्येकाला फोन जाईल, प्रत्येकाची टेस्ट होईल, निकाल येईपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही. वहीच्या पानाचा फोटो तिच्याकडे होता. पंचवीस जण आहेत असं तिने कळवलं, आणि ग्रुपवर तो मेसेज जसाच्या तसा टाकला.

उत्तरं आली ती खाजगीत, एकेकट्याने.

शिरीषच्या प्लँटमध्ये ऑडिट होतं, तो घरी बसूच शकत नव्हता. पुरुषोत्तमचं शुक्रवारचं विमान होतं, दीड वर्षाने आईला भेटायला. चित्राला सातवा महिना होता आणि गुरुवारी तिचा स्कॅन. कुणाच्या मुलाची शनिवारी हर्लिंगची मॅच होती, त्याने तर हात जोडलेली पाच चित्रं पाठवली. आणि प्रत्येकाच्या मेसेजचा शेवट थोड्याफार फरकाने एकच होता: माझं तेवढं नाव काढा वहिनी, बाकीच्यांची राहू देत. मैदान जाता कामा नये.

संध्याने ते सगळे मेसेज उपेंद्रला वाचून दाखवले. तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता.

"वीस लागतात," तो म्हणाला. "आपल्याकडे पंचवीस आहेत. पाच काढता येतील. चित्राचं काढ, पुरुषोत्तमचं काढ."

"आणि उरलेल्यांना चार दिवस घरात कोंडू? जे आलेच नव्हते त्यांना?"

"त्यांनीच नावं दिली ना?"

"दिली. मी लिहिली. माझं अक्षर आहे ते."

"संध्या, ती खेळपट्टी मी या हातांनी केलीय."

"माहितीय मला. चहाचा थर्मास घेऊन मीच येत होते."

तिने फोन उचलला आणि अंगणात गेली. ट्रेसिंगच्या ऑफिसातली मुलगी थकलेल्या आवाजात बोलत होती. तिचा हा दिवसातला कितवा फोन असेल कोण जाणे.

"प्रेक्षक किती होते?" तिने विचारलं.

"एक. माझ्या सासूबाई. त्यांचे दोन्ही डोस झालेत."

"पण तुम्ही तर पंचवीस कळवलेत."

"बाकीचे चोवीस घरी होते," संध्या म्हणाली. "तीच तर आमची तक्रार आहे."

उपेंद्र चार दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे. मुक्ताला आणायचंय. टेस्ट दहा वाजता आहे. शनिवारी घरातल्या सगळ्यांचे निकाल निगेटिव्ह आले, टीमचेही आले, आणि रविवारी सकाळी संध्या ब्रीडाच्या घरी गेली. ब्रीडा फाटकाशी आली. संध्याने उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. आदल्या रात्री तिने दोन-चार चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही वापरलं गेलं नाही.

ब्रीडाने ऐकून घेतलं.

"मी त्या दिवशी तीनच्या सुमाराला मैदानावरून गेले होते," ती म्हणाली. "भावाकडे चालले होते, मॅच बघायला. मला एकच खुर्ची दिसली."

संध्याचे कान तापले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चोवीस माणसं एखाद्या गोष्टीसाठी खोटं नाव द्यायला तयार होतात, तर तोही एक पाठिंबाच की. मी वही कपाटात ठेवून दिली होती. तू आली नसतीस तर ती तिथेच राहिली असती."

म्हणजे मैदान वाचलं होतं. गप्प बसलं असतं तर वाचलं असतं. संध्याला क्षणभर हसू आलं आणि त्याच क्षणी संताप आला. ब्रीडाचा नाही, त्या चोवीस जणांचा, आणि वेगवेगळी पेनं वापरून वेळा भरत बसलेल्या स्वतःचा.

"सोफ्यावरून दिलेला पाठिंबा होता तो," ती म्हणाली. "एक फोन आला तर परत मागून घेतला. वही द्या मला."

संध्या ज्या कारखान्यात काम करते तिथे हृदयात बसवायच्या झडपा तयार होतात. तिथे कागदावर खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई चालत नाही, पान फाडलं तर नोकरी जाते. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची, चूक खाली वाचता आली पाहिजे, आणि शेजारी सही आणि तारीख. तिने वही फाटकाच्या खांबावर टेकवली आणि दुसऱ्या नावापासून सुरुवात केली. रेघ, सही, तारीख. रेघ, सही, तारीख. चोवीस वेळा. मुक्ताच्या नावाशी हात जरा थबकला, पण तिथेही रेघ सरळच आली. पानाच्या तळाशी तिने लिहिलं: हजर प्रेक्षक, एक.

"मैदान जाणार, कळतंय ना?" ब्रीडा म्हणाली.

"कळतंय."

"मग कशासाठी?"

"एकाहत्तर वर्षांची बाई चार तास वाऱ्यात बसली होती. ती खरी होती. तिला मी चोवीस खोट्यांच्या रांगेत उभं केलं." संध्याने वही परत दिली. "आणि पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. एकच प्रेक्षक असला तरी करणार."

"कर," ब्रीडा म्हणाली. "मी फेकून देणार नाही."

संध्या घरी आली तेव्हा उपेंद्र प्रेसमधून ताटं काढत होता. ओट्यावरच्या कपाटाला तोही आता इथल्यासारखं प्रेसच म्हणतो.

"गेलं?" त्याने विचारलं.

"गेलं."

त्याने चार ताटं मांडली, वाट्या मांडल्या. मग पाठमोराच म्हणाला, "लीगला मेल केलाय सकाळीच. उरलेल्या चारही मॅचेस आपण समोरच्या टीमच्या मैदानावर जाऊन खेळणार. पहिली ट्रलीला, पुढच्या रविवारी. अकरा जण तयार आहेत. सलील बारावा, बरा झाला तर."

संध्याने त्याच्या पाठीकडे पाहिलं. सकाळी, म्हणजे ती निघायच्याही आधी. ती काय करून येणार हे त्याला माहीत होतं, आणि चार दिवस हा माणूस मीठ दे, मीठ दे करत बसला होता. तिने त्याच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं आणि वाढायला लागली.

लीलावती टेबलाशी बसल्या होत्या. मागच्या वर्षी जानेवारीत त्या अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या. एवढ्या काळात त्यांनी एकही मॅच चुकवली नव्हती.

"आई," संध्या म्हणाली, "मैदान गेलं आपलं. आता सगळ्या मॅचेस लांब आहेत. ट्रली दोन तासांवर आहे. तुम्ही नका येऊ दगदग करून. तुम्हाला क्रिकेटची आवड आहे, पण टीव्हीवर लावून देईन मी."

"कोनाले आवड हाय?"

"तुम्हाला."

"मले?" लीलावतींनी घास ताटात परत ठेवला. "काऊन वो बाई, मले काय समजते त्याच्यातलं? कोनी इकडून पयते, कोनी तिकडून पयते. जितलं कोन थे बी मले घरी आल्यावर कयते."

"मग दर मॅचला चार-चार तास कशाला बसता?"

"आता घ्या," लीलावती उपेंद्रला म्हणाल्या, जणू सून आज नवीनच आली होती. मग तिच्याकडे वळल्या. "तू येकटी बसतं ना थ्या टेबलापाशी. हे समदे मैदानात, अन् तुह्यापाशी कोनीच नाही. पह्यले थो दुसरा लिवनारा तरी शेजारी बसे, आता थो बी गाडीत जाऊन बसते. म्हनून येऊन बसतो मी. क्रिकेटले काय करू?"

संध्याचा वाढणारा हात थांबला. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. ती खुर्चीवर बसली, पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. वहीतला आकडा अजूनही चुकीचाच होता. खरा आकडा शून्य होता. तेवढी एक नोंद मात्र ती दुरुस्त करायला जाणार नव्हती.

"हासतं काऊन?" लीलावतींनी विचारलं. "थ्या ट्रलीले कोठी बसशीन तू? अन् डबा कितीले भरायचा?"

"सातला निघायचं," संध्या म्हणाली. "सहाला भरू. मी पण उठते."