नाडी थांबवणारा शेख

सोमवारी दुपारी आमच्या कारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पॉलिशवाले, गादीवाले, कोरीवकामवाले, समोरच्या गल्लीतल्या बायका, सगळे जमले होते. कुणी सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्यांवर, कुणी फळ्यांच्या थप्पीवर बसलेलं. एक जण तर अर्धवट झालेल्या कपाटाच्या आत बसला होता. फर्निचरसाठी सगळ्या इजिप्तमध्ये नावाजलेल्या आमच्या दमयातमध्ये खुर्च्यांचा कधी तुटवडा नसतो, पण त्या दिवशी माणसंच जास्त झाली.

मधोमध शेख शलबी, गावोगाव फिरून मंत्रानं दुखणी बरी करणारा. डावा तळवा माझ्या बाबांच्या छातीवर ठेवलेला, उजवा हात पुढे केलेला. त्या हाताचं मनगट डॉक्टर लबीबनी धरलं होतं. (बाबा सुतारकामातले उस्ताद, म्हणून सगळे त्यांना 'उस्ता वजीह' म्हणतात.) लबीब म्हणजे आमच्या नाक्यावरचे औषधांचे दुकानदार. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात, आणि त्यांनीही कधी कुणाला अडवलेलं नाही.

"काय लागतंय, डॉक्टर?" शेखनं विचारलं.

"नाडी लागतेय. चांगली ठणठणीत आहे."

"मग सोडू नका. आता मी उस्ता वजीहचं हृदय उसनं घेतो. याचं दुखणं माझ्यात येणार आणि माझं काळीज बंद पडणार. घाबरू नका, मला सवय आहे."

त्यानं डोळे मिटले आणि घशातल्या घशात गुणगुणायला सुरुवात केली. हळूहळू लबीबचा चेहरा पडू लागला. त्यांनी बोटं सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली.

"मंद होतेय... अरे! गेली! गेली हो नाडी!"

बायका किंचाळल्या. कपाटातला माणूस उठायला गेला आणि वर डोकं आपटून पुन्हा बसला. मिनिटभरानं शेखनं डोळे उघडले, दीर्घ श्वास घेतला, तर नाडी परत आली. शेख बाबांना म्हणाला, "अर्धं दुखणं मी पिऊन टाकलं, उस्ता. उरलेलं गुरुवारी."

बाबा रडले. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

मला मात्र काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर दीड महिना मला काहीच वाटत नव्हतं. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. लहानपणी बाबांना घसा दुखून ताप आला होता आणि गुडघे, घोटे, मनगटं एकामागोमाग एक सुजली होती. सांधे बरे झाले, पण त्याच तापानं हृदयातली एक झडप आखडून ठेवली, आणि आता ती नीट उघडतच नव्हती. छाती उघडून नवी झडप बसवावी लागणार होती. बाबांनी फक्त विचारलं, "लाकडाची असते का?" त्यानंतर आमच्या घरात कुणी रडलं नाही, भांडलं नाही, टीव्हीही लावला नाही. आई पावाला पांढरं चीज लावून समोर ठेवायची आणि आम्ही चावत राहायचो. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं घर झालं होतं.

त्यात हा शेख आला. पैसे घ्यायचा नाही, अगदी साधा माणूस! फक्त प्रत्येक कारखान्यातून एक खुर्ची घ्यायचा, "दुखणं बसवायला". आत्तापर्यंत त्याच्याकडे अकरा दुखणी बसवायची सोय झाली होती.

त्याची अट अशी होती की गुरुवारी तो बाबांच्या छातीला हिरवा धागा बांधणार आणि हॉस्पिटलात दाखल होण्याचा कागद नाईलमध्ये सोडणार. "चाकू आणि माझा धागा एका छातीवर नांदत नाहीत." दाखल व्हायचं होतं शनिवारी. त्या दिवशी गेलो नाही तर नंबर सात महिने पुढे जाणार होता, आणि सात महिने ही झडप तग धरणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. बाबा कागद द्यायला तयार झाले होते.

आता माझी नाहेद आत्या. ती मनसूराला विद्यापीठातल्या चालण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे माणसांच्या सांध्यांवर चमकणाऱ्या गोळ्या चिकटवतात, त्यांना चालायला लावतात आणि कॅमेऱ्यांनी टिपतात. पडद्यावर माणूस दिसत नाही, नुसते ठिपके चालतात. सध्या तिथे हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांचा अभ्यास चालू आहे. छातीचं हाड कापलेलं असतं ना, म्हणून ती माणसं दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून चालतात. ते हात पुन्हा कधी मोकळे होतात, हे मोजायचं. सुट्टीत मी तिथे गेले होते, तेव्हा आत्यानं मलाही गोळ्या चिकटवून चालवलं. माझा एक हात हलतच नव्हता. रोज दप्तर त्याच खांद्यावर!

"लोक काय हलतंय ते बघतात," आत्या म्हणाली होती. "आपण काय हलत नाही ते बघायचं."

सोमवारी मला हेच आठवलं. शेख आला तेव्हा दोन्ही हात मस्त झुलवत आला होता. मग "हात-तोंड धुतो" म्हणून लाकडाच्या गोदामात गेला आणि परत आला, तेव्हा उजवा हात हलत नव्हता. कोपर बरगडीला चिकटलेलं. चहाचा पेला उचलला तोही नुसता कोपरातून. मला आधी वाटलं, याचंच ऑपरेशन झालंय की काय! पण मग फक्त उजवाच हात कसा? आणि चमत्कार झाल्यावर तो पुन्हा गोदामात जाऊन आला, तर हात परत झुलायला लागला.

नाडी गेली तेव्हाच मी भर गर्दीत म्हणाले होते, "डॉक्टर, मानेची नाडी बघा ना!"

सगळे माझ्याकडे वळले. माझी मान लाल झाली, पण मी बसले नाही. हे मला नवीनच होतं. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे.

"वा, वा!" शेख हसला. "उस्ताची मुलगी आता पुरुषांच्या माना धरायला शिकली!"

सगळे हसले, आणि लबीबही. बाबा म्हणाले, "शुरूक, आत जा."

संध्याकाळी मी आत्याला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी काखेतून जाते. काखेत टणक काहीतरी धरून दंड दाबला की मनगटापर्यंत रक्त पोचत नाही. नाडी गेली! हृदय आपलं आरामात चालूच. वजीहला सांग."

"सांगितलं. म्हणतात, मी डोळ्यांनी बघितलं."

"मी शुक्रवारी येतेच."

"आत्या, कागद गुरुवारी पाण्यात जाणार आहे."

ती म्हणाली, "मग तूच त्याचा खांदा उघड."

खांदा उघड म्हणे! मोठ्या माणसाच्या काखेत हात घालायचा का मी? तीन दिवस शाळेत बाईंनी काय शिकवलं, देव जाणे. गुरुवारी सकाळी डबा उघडताना माझ्या हातून पाव खाली पडला. मी तो उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि उंच खिडकीत ठेवला, कुणाच्या पायाखाली यायला नको म्हणून. असं आमच्याकडे सगळेच करतात. दीड वर्षाचं पोरही करतं. विचार न करता.

विचार न करता! मी तिथेच उभी राहिले.

गुरुवारी गर्दी आणखी वाढली. बाबांनी इस्त्रीची जलाबिया, म्हणजे पायघोळ झगा, घातली होती. हॉस्पिटलचा कागद घडी करून छातीच्या खिशात. शेख गोदामातून परत आला, उजवं कोपर बरगडीला. डावा हात बाबांच्या छातीवर, उजवं मनगट लबीबच्या हातात. गुणगुण सुरू झाली.

मी पाव आणि चहाचं तबक घेऊन गेले. वरचा पाव शेखच्या उजव्या पायाशी पडला. पडला कसला, मी पाडला.  एवढं करूनही छातीत काही धडधडलं नाही.

"अरे, पाव!" दहा-बारा जण एकदम ओरडले. सगळ्यांत जवळ शेखच होता. तो डोळे मिटूनच बसला.

"शेख, तुमच्या पायाशी पाव आहे," हजला जाऊन आलेली हाज्जा बदरिया म्हणाली. खुर्च्यांच्या गाद्या शिवून शिवून तिची बोटं सुईसारखी झाली आहेत, आणि जीभही.

शेखनं डोळे उघडले. बाबांच्या छातीवरचा डावा हात खाली नेला.

"डाव्या हातानं? पावाला?" हाज्जा कडाडली.

त्यानं तो हात मागे घेतला. मग लबीबच्या बोटांतून उजवा सोडवला आणि कमरेतून सगळाच्या सगळा वाकला. कोंबडी पंख मिटून दाणा टिपते ना, अगदी तसा. पाव उचलला, ओठांना लावला आणि मग माझ्यासमोर धरला.

"घे पोरी. ठेव कुठेतरी वर."

"ज्यानं उचलला त्यानंच ठेवावा ना," मी म्हणाले. "कपाटावर जागा आहे. तुमच्या डोक्याच्या जराशी वर."

 आमच्या गल्लीत माणूस वाट्टेल त्या गोष्टीवर वाद घालतो, पावावर नाही.

"हृदय बंद असताना हात वर होत नसतो," शेख म्हणाला.

"वाकता येतं, बोलता येतं, मग हातच कसा होत नाही?" हे बाबांनी विचारलं. ते त्याच्या खांद्याकडे बघत होते. तीस वर्षं लाकडाचे सांधे बसवलेला माणूस आहे तो. कुठला सांधा अडकलाय आणि कुठला अडकवून ठेवलाय, हे त्यांना बघून कळतं. "शेख, ठेव तो पाव."

शेखनं नुसतं मनगट उचकून पाव कपाटावर टाकला. तो काठाला लागला आणि परत खाली यायला लागला.

आणि शेखचा हात आपोआप झेपावला. खांद्यापासून सरळ! शेवटी तोही आमच्यातच वाढलेला, पाव दोनदा पडू देणार नव्हता. पाव त्यानं झेलला. पण जलाबियाच्या रुंद बाहीतून काहीतरी सुटलं, फरशीवर दोनदा उडालं आणि घरंगळत बाबांच्या चपलेला टेकलं.

चेंडू होता. जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून, दोऱ्यानं गच्च आवळलेला. आमच्या गल्लीत खेळतात तसलाच.

शेख सावरला, हे मात्र मानलं पाहिजे. "बघा, बघा!" तो ओरडला. "उस्ताचं दुखणं! गाठ होऊन बाहेर पडलं!"

"दुखण्याला मोजे कुणी चढवले रे?" हाज्जा बदरियानं विचारलं.

कपाटातून पहिलं हसू आलं, मग सगळीकडून. बाबा हसले नाहीत. त्यांनी चेंडू उचलला, आपल्या काखेत धरला, दंड दाबला आणि हात लबीबपुढे केला.

"बघ."

लबीबनी बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. "गेली," ते पुटपुटले.

"आता माझी मुलगी सोमवारी म्हणाली होती तिथे बघ."

लबीबनी बाबांच्या मानेला बोटं लावली. त्यांचा चेहरा लाकडाच्या भुशासारखा झाला होता. "इथे चालू आहे, वजीह. मी त्या दिवशी बघायला हवं होतं. माफ कर."

या गडबडीत शेख कधी सटकला कुणाला कळलं नाही. दोन्ही हात झुलवत गेला असणार.

बाबांनी खिशातला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "शनिवारपर्यंत तू सांभाळ." एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांना आत नेलं. त्याआधी सर्जननी आम्हाला बसवून सगळं सांगितलं होतं. हृदय खरंच थांबवणार, तोवर रक्त फिरवण्याचं काम यंत्र करणार. सगळेच पेशंट वाचतात असं नाही. नंतर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. आईनं विचारलं, "पण बरे होतील ना?" सर्जन म्हणाले, "शक्यता चांगली आहे. वचन देता येत नाही." मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून विचार करत होते. शेखनं एकदाही असं काही सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे सगळं नक्की होतं. बाबांचं हृदय एक तास चाळीस मिनिटं बंद होतं. बघायला गर्दी नव्हती, गुणगुण नव्हती. कॉरिडॉरमध्ये एक बाई फरशी पुसत होती, तेवढंच.

दोन महिन्यांनी आत्याच्या प्रयोगशाळेत बाबा चालले. पडद्यावर नुसते ठिपके. दोन्ही खांदे अजून जरा आखडलेले, पण दोन्ही हात हलत होते. खोलीत शांतता असली की त्यांच्या नव्या झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते. ती ऐकली आणि मला एकदम रडू आलं. असं रडले की आत्याला कॅमेरे बंद करावे लागले.

हे सगळं लिहायचं कारण शेख नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी गावात खुर्च्या गोळा करत असेलच. बाबा मूर्ख नव्हते, लबीब अडाणी नव्हते. ते घाबरलेले होते, आणि चेंडूवाल्याला घाबरलेली माणसंच लागतात. तेव्हा तुमच्यासमोर कुणी नाडी थांबवली तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या मानेला बोट लावा. लावू देत नसेल, तर का नाही, ते मोठ्यानं विचारा. लोक हसतील. हसू देत. खाली बसू नका.