ट्रंकेतली फीत

आमच्या कारखान्यात यंत्रमागाचे कॅम बनतात, म्हणजे फिरता फिरता मागाचे भाग हलवणारे लोखंडी तुकडे. नवरा गेल्यावर कारखाना मी चालवला. तिसरी शिकलेली बाई काय चालवणार, असं म्हणणारे आज माझ्याच दारात कॅमसाठी उभे असतात. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही फितीवर चालणारं मिलिंग मशीन आणलं. कागदी फितीला भोकं पाडायची, ती वाचून मशीन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापतं. भोकं पाडायचं काम संगप्पाचं. माणूस सोलापूरजवळच्या कुंभारी गावचा, पुण्यात शिकलेला, खाली बघून बोलणारा. खाली बघून बोलणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून कॅमची फीत मी ट्रंकेत, लुगड्यांखाली ठेवायची. सकाळी काढून द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. उद्या आमचा कॅम शेजारच्या कारखान्यात निघाला तर कुणाला विचारायचं?

वर्षानं दुसरं मशीन आलं, निराळ्या कंपनीचं. संगप्पा म्हणाला, "अव्वा, ह्याला नवी फीत लागंल."

"का? कॅम त्योच हाय की."

"कंट्रोल निराळं हाय. ह्याला गोलाई निराळी सांगावी लागती."

"कॅम त्योच, बीड त्येच, आन् फीत निराळी. एक आमाला, एक शेजाऱ्याला, व्हय?"

तो खाली बघत कामाला लागला. दुसऱ्या दिवशी मी त्याला माल घेऊन बार्शीला धाडलं आणि माझ्या मुलाला, अण्णारावला, जुनीच फीत नव्या मशीनला लावायला सांगितली.

सरळ कडा झकास निघाल्या. गोलाई आली तसा कटर भलतीकडं वळला आणि कॅमच्या पोटात घुसला. दुसऱ्या कॅमलाही त्याच जागी तीच जखम.

"मशीन बिघडलं वाटतं," अण्णाराव म्हणाला. तो बापावर गेलाय, कुणाचा संशय म्हणून घेत नाही.

"मशीन बिघडलं तर सरळ कडा कशा आल्या? काल दिवसभर फीत कुणाच्या हातात होती?"

संध्याकाळी संगप्पा बार्शीहून आला. मी दोन्ही कॅम पुढं ठेवले. "फितीत काय केलंस ते तुझं तुला ठावं. उद्यापासनं येऊ नगंस."

त्यानं कॅमकडं नजर टाकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "जातो की. पण चोर म्हणून न्हाय. हितनं तसा निघालो तर सोलापुरात मला कोण दारात उभं करंल? दोरा आन् खडू द्या."

मी कॅम उचलून मांडीवर पालथे घातले. बघून रेघ मारायला नको. फितीवरचे आकडेही त्याला नाही, अण्णारावला वाचायला लावले.

संगप्पानं फरशीवर कॅमची बाह्यरेघ काढली. "अव्वा, मळणीला बैल ज्या खांबाभवती फिरतो, तो तिवडा कुटं रोवायचा? गोलाईलाबी मधे तसाच खांब लागतो. जुनं मशीन म्हणतं, बैल उभा हाय तितनं पावलं मोजा. नवं म्हणतं, खळ्याच्या कोपऱ्यापासनं मोजा. फितीवर आकडे त्येच, पण खांब भलतीकडंच रोवला जातो."

"तोंडानं कुणीबी सांगंल. काढून दाव."

त्यानं रेघेच्या कोपऱ्यापासून आकडे मोजून खिळा धरला, दोरा ताणला आणि खडू फिरवला. मी मांडीवरचा कॅम उचलून रेघेवर ठेवला. जखम बरोबर रेघेवर बसली. कॅम फिरवून बघितला, दुसराही ठेवून बघितला. मग कोपऱ्यापासून स्वतः मोजलं. तेवढंच भरलं.

अण्णाराव माझ्याकडं बघत होता.

"माझ्याकडं काय बघतोस? व्हय, मीच लावायला सांगितली." मग संगप्पाकडं वळले. "हे दोऱ्याचं काल सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?"

"तुमी शेजाऱ्याचं काढलंत. मंग काय बोलू?"

मी दोन्ही कॅम उचलून बाजूला ठेवले. "उद्या आठला ये," म्हटलं. "नवी फीत पाड."

आता दोन्ही फिती कारखान्याच्या कपाटात असतात. किल्ली संगप्पाकडं. कपाट मात्र मी माझ्या खुर्चीसमोर हलवून घेतलंय.