गोळीनंतरचा बळीराम

"आजपासून ही गोळी नाही," असं म्हणत डॉक्टर देसाईंनी बळीरामच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

बळीराम खुर्चीतून अर्धा उठला. "संपली का साहेब? दुसऱ्या मेडिकलात बघतो."

"मिळेल. म्हणून तर काढून घेतली." डॉक्टरांनी सुरतेच्या नवागामात दवाखाना टाकून बरीच वर्षं झाली होती. पेशंटांकडून उचललेल्या मराठीत ते गुजराती मिसळून बोलत. "अमेरिकामां बंद करी नाखी आ गोळी. काही लोकांच्या हृदयाचे व्हॉल्व खराब झाले. शर्ट काढा बळीरामभाई."

त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मोठ्या इस्पितळात जाऊन हृदयाचा फोटो काढायला सांगितलं. तो फोटो पुढे चांगलाच निघाला. पण त्या सकाळी बळीरामला हृदयाची काळजी नव्हती.

"आणि वजन, साहेब?"

"खोटं नाही सांगणार. बहुतेकांचं परत येते. कमी खा, खूप चाला. दुसरी दवा माझ्याकडे नथी."

"मग मला परत गेटवर बसवतील," बळीराम म्हणाला.

कुठलं गेट, ते डॉक्टरांना कळलं नाही. पुढचा पेशंट आत येऊन उभाही राहिला होता.

बळीराम शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि उधन्यातल्या एका खात्यात लागला. खातं म्हणजे मागांची लांबलचक शेड. मागाला तिथे सगळे साचा म्हणत. आधी साचे चालवले, मग शिकत शिकत तो साचे दुरुस्त करणारा फिटर झाला. पोरं त्याला मास्तर म्हणू लागली. पाळी सुटली की सगळ्यांनी मिळून शेवभाजी हाणायची, चहाबरोबर खमण, रविवारी लोचो. लहानपणी गावी दुष्काळात एक भाकरी पाच जणांत वाटलेली त्याला आठवत होती, त्यामुळे समोर आलेलं ताट त्यानं कधी अर्धं सोडलं नाही. अंग भरत गेलं. गावी गेला की लोक त्याला बळीरामशेठ म्हणत, आणि म्हातारी आई, भागीरथी, त्याच्या पोटावर हात ठेवून शेजारणींना सांगायची, "देखा, सुरतनं पानी मानवनं मना लेकले."

पण दोन साच्यांमधली गल्ली काही रुंद होत नव्हती. एके दिवशी तो त्या गल्लीत अंग तिरकं करून शिरला आणि अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दोन्हीकडचे साचे बंद करून पोरांनी त्याला ओढून काढलं. कुणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. शेठ भला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं गेटजवळ एक खुर्ची टाकली. "मास्तर, इथे बसा. आवक-जावक बघा. पगार तोच." आतली पाने-पक्कड किसनच्या हातात गेली. किसनला बळीरामनंच तयार केलं होतं. आत काही बिघडलं की किसन पळायचा, आणि बळीराम खुर्चीत बसून टेम्पो मोजायचा.

त्यानंतरच तो डॉक्टरांकडे गेला होता. गोळीनं भूक गेली, अगदी कुणी नळ बंद करावा तशी. वर्षभरात अंगावरचे शर्ट शिंप्याकडे आटवायला गेले, आणि एक दिवस तो सरळ चालत गल्लीत शिरला. शेठनं पाने-पक्कड परत दिली. किसनही खुश झाला, त्याला एकट्याला काम झेपत नव्हतं. फक्त गेटवरची खुर्ची कुणी उचलली नाही. ती तिथेच होती.

गोळी बंद झाल्यावर पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका पहाटे सरलाबाईला भांड्याचा आवाज आला. ती उठून बघते तर नवरा ओट्यापाशी उभा, हातात रात्रीची भाकरी आणि ठेचा.

"काय करी ऱ्हायनात तुम्हीन?"

"भूक लागनी."

"रातले जेवनात ना!"

"ते रातनं व्हतं."

सरलाबाईला हसू आलं. बळीराम मात्र हसला नाही. वर्षभर गावाला गेलेलं माणूस सामानसुमान घेऊन घरात परत यावं, तशी भूक आली होती. साचा दुरुस्त करताना ती होती, जेवून हात धुताना होती, आडवा झाला की उशाशी होती.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, सगळं सुरत घारी खातं. शेठनंही खात्यात प्रत्येकाला घारीचा डबा दिला. मैदा, मावा, वरून तुपाचा थर. घरी सरलाबाई आणि लेक योगिता वाट बघत होत्या. पण घारी घरी पोचलीच नाही. रेल्वेच्या रुळांकडेला एका दगडावर बसून बळीरामनं एकेक करत सगळ्या घाऱ्या संपवल्या. शेवटची खाताना तिची चवही लागत नव्हती. घरी येऊन त्यानं रिकामा डबा सरलाबाईपुढे ठेवला, दगडावर बसून खाल्ल्याचं सांगितलं आणि खाली मान घालून बसला.

"सगळा?" तिनं विचारलं.

"सगळा."

दिवाळीनंतर खात्यातल्या पोरांनी त्याला धाग्याचे खोके तोलायच्या काट्यावर चढवलं. हा त्यांचा जुना खेळ होता. वजन उतरत होतं तेव्हा बळीराम स्वतःच हौसेनं चढायचा. या वेळी काटा मागच्यापेक्षा बराच पुढे गेला. किसननं पटकन खोका ठेवल्याचं निमित्त करून आकडा झाकला. बळीरामनं तो पाहिला होता. संध्याकाळी निघताना त्याची नजर गेटवरच्या खुर्चीकडे गेली. कुणीतरी ती पुसून ठेवली होती.

त्या रात्री तो सरलाबाईला म्हणाला, "उद्यापासून रिक्षा बंद. चालत जाणार. जातानाही, येतानाही."

"मी बी येस," ती म्हणाली.

"तू कशाला? लोक हसतील."

"हसू द्या. एकला गया ते आखो दगडवर बठशात."

दुसऱ्या दिवसापासून दोघं उजाडता उजाडता निघू लागली. ती उधन्याच्या फाटकापर्यंत त्याच्याबरोबर यायची आणि तिथून एकटी परत जायची. पायात स्लिपर, डोक्यावर पदर. नवागामच्या गल्लीत नळावर उभ्या असलेल्या बायकांना तो तमाशाच झाला.

"ओ सरलाबाई, कोठे चालनात?"

"फिराले."

"फिराले? काय हारपनं का?"

"हारपेल शे ते परत येवाले नको, म्हनीसन!" सरलाबाईनं चालता चालता उत्तर दिलं, आणि बळीराम वीस वर्षांत पहिल्यांदा रस्त्यात बायकोबरोबर मोठ्यानं हसला.

चालणं सोपं निघालं. अवघड होतं ते ताट. सरलाबाईला वाढायची सवय, आणि त्याला नाही न म्हणायची. पहिला महिनाभर घरात भांडणं झाली. तो भाकरी परत टोपलीत ठेवायचा, ती रुसायची. "मना हातनं आते गोड नही लागत का?" असं एकदा ती रडतच म्हणाली. तेव्हा त्यानं तिला समोर बसवून सांगितलं, "गोड लागतं, म्हणूनच भीती वाटते." त्यानंतर तिनं भाकऱ्याच मोजून टाकायला घेतल्या, आणि स्वतः त्याच्याबरोबर जेवायला बसू लागली. एकत्र जेवलं की तो सावकाश जेवतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

भूक मात्र गेली नाही. बळीराम ती जायची वाट बघत राहिला, आणि ती जाणार नाही हे त्याला एक दिवस कळलं. ती रोज येत होती, पाळी सुटायच्या सुमाराला तर हटकून. मात्र बसायला पाट दिला नाही तर थोड्या वेळानं निघून जात होती. काही वेळा त्यानं पाट दिलाही. पोळ्याला, एका साखरपुड्यात, पोंकच्या, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत. वजन किलो-दोन किलो चढायचं. मग तो पुन्हा शांतपणे ते उतरवायचा. पावसाळा गेला, दुसरी दिवाळी गेली. काट्यावर चढवायचा खेळ पोरं विसरून गेली, कारण त्यात आता काही गंमत उरली नव्हती. काटा तिथल्या तिथेच उभा राहायचा. एकदा माल उतरवणाऱ्या हमालानं गेटवरची खुर्ची उचलून स्वतःच्या टेम्पोत टाकली, तेव्हा कुणी त्याला हटकलं नाही.

दुसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बळीराम गावी गेला. वजन उतरल्यापासून पहिल्यांदाच. योगिताचं जमत होतं. शेजारच्या गावच्या शालिग्राम पाटलांच्या घरच्या बायका मुलासाठी तिला बघून गेल्या होत्या. मुलगा धर्मेंद्र सुरतेजवळ कडोदऱ्याच्या मिलमध्ये होता, पोरीलाही पसंत होता. फक्त दोन्ही बापांची भेट राहिली होती. ती आखाजीच्या जेवणाला ठरली.

बळीरामला ओट्यावर बघताच भागीरथीनं तोंडाला पदर लावला. तिनं आधी त्याच्या दंडाला हात लावला, मग बरगडीला, आणि सुनेकडे अशा नजरेनं पाहिलं की सरलाबाई घरात निघून गेली. धाकटा भाऊ उखा त्याला गोठ्याकडे घेऊन गेला.

"भाऊ, गावमा लोक काय बोली ऱ्हायनात, तुले माहीत शे का?"

"काय?"

"सुरतहून बिमारी लई उना, म्हनतस."

"कोनती बिमारी?"

उखाच्या तोंडून एड्सचं नाव निघालं नाही. त्या वर्षांत सुरत-मुंबईहून वाळून परत आलेल्या माणसांबद्दल गावात कुजबुजत काय बोलत, ते दोघांनाही माहीत होतं. "शालिग्रामना कानवर बी गयं शे," उखा म्हणाला. "आज दाबीसन जेव. चार मांडा खा, त्यास्ना समोर खा. योगितानं काम शे भाऊ. उद्या मंग उपाशी ऱ्हाय."

लेकीसाठी चार मांडे ही काही मोठी गोष्ट नव्हती. गोठ्यातून परत येताना बळीरामनं मनात तेच धरलं होतं.

ओसरीवर पंगत बसली. शालिग्राम पाटील वजनदार गृहस्थ, बोलण्यानंही आणि शरीरानंही. खाली बसतानाच त्यांना उखाचा खांदा धरावा लागला. खापरावरून उतरलेले पुरणाचे मांडे आले, मोठ्या वाट्यांतून आमरस आला, वर तुपाची धार. योगिता दाराच्या फटीतून बघत होती. बळीरामनं एक मांडा सावकाश संपवला. सगळ्या पंगतीचं लक्ष त्याच्या ताटाकडे होतं, हे त्याला न बघताही कळत होतं.

सरलाबाई मांड्यांची परात घेऊन पुन्हा आली. उंबऱ्यातून भागीरथी तिला हातानं खुणावत होती, वाढ, वाढ. उखानं मान हलवली. सरलाबाई शालिग्रामना वाढून बळीरामपुढे आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि परात घेऊन पुढच्या ताटाकडे गेली.

म्हातारीच्या तोंडून शिवीच बाहेर पडली.

"पाव्हना," शालिग्राम म्हणाले, "जेवन कमी शे तुमनं. तब्येत बराबर शे ना?"

बळीरामनं वाटी बाजूला सरकवली. गोठ्यात मनाशी धरलेलं त्यानं तिथल्या तिथे सोडून दिलं.

"बराबर शे," तो म्हणाला. "लोक काय म्हनतस ते बी माले माहीत शे. तशी बिमारी नही. मी जाड व्हतू, साचास्ना मझार अडकनू. शेठनी माले गेटवर बसाडं." एवढ्या लोकांत हे सांगताना त्याचा आवाज जरासाही पडला नाही. त्यानं गोळीचं सांगितलं, ती बंद झाल्याचं सांगितलं, रुळांकडेला बसून खाल्लेल्या घाऱ्यांचंही सांगितलं. घाऱ्यांना पंगतीत कुणीतरी हसलं.

"मंग आते भूक लागस नही का?" शालिग्रामनी विचारलं.

"लागस ना. रोज लागस. आते बी लागेल शे."

"मंग खा ना, पाव्हना! सन शे आज."

"एक खादा. गोड लागना." बळीराम म्हणाला. "पहिलं वजन गोयीनी उतारं, पाटील. त्यामा मनं काही नव्हतं. पन आते दीड वरिस गोयी नही. आते जे शे, ते मनं शे."

उंबऱ्यापाशी सरलाबाई परात धरून उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि मान वर ठेवली.

पाण्याचा तांब्या जवळ ओढत शालिग्राम म्हणाले, "मना गुडघा दोन वरिसफाईन चालू देत नही. डॉक्टर तेच सांगस. मी ऐकस नही." मग त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "याच वैशाखमा धरूत लगीन. जास्त लांबाडाले नको."

दाराची फट मिटली. आत बायकांची एकच गडबड उडाली, आणि भागीरथी कुणाला तरी साखर आणायला सांगू लागली.

पंगत उठली. शालिग्रामनी एक हात जमिनीला टेकून उठायचा प्रयत्न केला, पण ते पुन्हा खाली बसले. ओसरीवरच्या माणसांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. बळीराम मांडी सोडून एका दमात उभा राहिला होता. त्यानं वाकून हात पुढे केला. शालिग्रामनी तो धरला. त्यांचा सगळा भार त्या हातावर आला, आणि बळीरामचे पाय जागचे हलले नाहीत.

पाटील उभे राहिले. धाप ओसरली, तरी त्यांनी तो हात सोडला नाही.