पडण्याचा सराव

गाठ जेमतेम नखाएवढी होती. केळीच्या सोपटाचे, म्हणजे खुंटाच्या वाळक्या सालीचे, दोन वेढे उजवीकडून, एक डावीकडून, आणि टोक आत खोचलेलं. इनेझने पुडा दिव्याखाली धरून शेजारच्या पुड्याशी ताडून पाहिला. त्याच्या गाठीचं टोक बाहेर होतं. म्हणजे ही दोन वेगळी घरं. पण कुठली?

वसईतल्या गास गावच्या फूल उत्पादक सोसायटीच्या शेडमध्ये सकाळचे साडेपाच वाजले होते. सतरा घरांतून आलेले सेहेचाळीस पुडे लांबलचक टेबलावर मांडले होते. प्रत्येकात केळीच्या पानात गुंडाळलेला, नुकताच खुडलेला सोनचाफा. सव्वासहाला प्रितेशचा टेम्पो दादरला निघायला हवा होता. तिथला प्रत्येक फुलवाला ठरावीक घरांचाच माल घेई. आणि सगळ्या घरांचे पुडे ओळखणारा एकमेव माणूस आज शेडमध्ये नव्हता. मुद्दामच नव्हता.

पुड्यांवर नाव घालायची रीतच नव्हती. ओल्या पानावर शाई टिकत नाही, आणि गावात एकेका नावाची तीन-तीन माणसं. त्यामुळे घराची गाठ हीच घराची सही. सतराही घरांच्या सह्या वाचणारे एकटे ऑगस्टीनकाका, सोसायटीचे अडुसष्ट वर्षांचे चेअरमन. तीस वर्षांत त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती. त्यापायीच उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन तीन वर्षं रखडलं होतं. हाडावर हाड घासतंय, या पावसाळ्यापर्यंत थांबलात तर चालणंच बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकांचं उत्तर ठरलेलं : "दीड महिना घरी बसलो तर सोसायटी कोण बघणार?"

इनेझ त्यांची पुतणी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सोसायटीची सेक्रेटरी होती. जानेवारीत ती गुलमर्गला दहा दिवस स्कीइंग शिकून आली, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं.

"वसईच्या पोरीला बर्फ कशाला लागतो गो?" काका म्हणाले होते. "बोंबील ठेवायला?"

"पहिले दोन दिवस आम्हाला नुसतं पडायला शिकवलं, काका."

"त्यासाठी काश्मीर? आमच्या विहिरीवरच्या शेवाळावर आली असतीस तर फुकटात शिकवलं असतं."

इनेझ हसली, पण तिने मुद्दा सोडला नाही. "तोल गेला की माणूस हट्टाने सावरायला जातो, तोवर वेग वाढतो, आणि मग पाय मोडतो. म्हणून वेग कमी असतानाच कुशीवर पडायचं, आणि उठायचं. ज्याला पडून उठता येतं तोच उतारावर टिकतो. आपली सोसायटी कधी पडलीच नाही. तुम्ही पडू दिली नाहीत. पडेल तेव्हा कडेलोट होईल."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला होता. "मग काय करू म्हणतेस?"

"एक सकाळ घरी बसा. फोन काकीकडे. टेम्पो वेळेवर निघाला तर ऑपरेशनचं बोलू."

"बघू," काका म्हणाले होते. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. तरी एक सकाळ घरी बसायचं त्यांनी कबूल केलं.

आता भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते.

"मॅडम, एक कॉल मारा ना अंकलना," प्रितेश किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. हायवेला ट्राफिक लागला ना, तर वाट लागेल सगळ्याची!"

"नाही."

"मग काय फुलांना विचारायचं, तुम्ही कुणाच्या घरची म्हणून?"

हंसाताई टेबलाच्या टोकाशी पुडे मोजत होत्या. जवळच्या आगाशीहून येऊन पंधरा वर्षं त्या इथे मालाची भरणी सांभाळत होत्या. आगाशीच्या ओळखीच्या घरांचे बारा पुडे त्यांनी केव्हाच वेगळे काढले होते. त्या एकदम वळल्या.

"फुलांना कशाला? ज्याने गाठ बांधली त्यालाच विचारू की! ग्रुपवर टाक गो बाय, सगळ्यांनी आपापल्या गाठीचा फोटो पाठवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता!"

इनेझने फोन काढून भराभर टाइप केलं. मेसेज गेला. पहिलं उत्तर आलं : 'ऑगस्टीन कुठाय? वारला काय?' दुसरं : 'सकाळी सकाळी हा काय नवा खेळ?' तिसऱ्यात मात्र फोटो होता. मग एकामागून एक फोटो येऊ लागले. एरॉलच्या घरचं सोपट संपलं होतं, म्हणून त्याने बायकोच्या ॲप्रनच्या नाडीला गाठ मारून फोटो धाडला होता. मागून बायकोचा रागावलेला हातही दिसत होता.

"टोक आत, तीन वेढे... संजनाच्या घरचे!" हंसाताई ओरडल्या.

"चार पुडे. हे घ्या!"

"आणि ही दुहेरी?"

"जेम्स! जेम्सकडची!"

प्रितेशने किल्ली कधी खिशात टाकली ते त्यालाही कळलं नाही. तोही फोन डोळ्यांशी धरून गाठी लावत होता, आणि एखादी जुळली की विकेट पडल्यासारखा हात उंचावत होता. सहा वाजता आगाशीचे धरून चौतीस पुडे जुळले. सहा वाजून आठ मिनिटांनी एकेचाळीस.

पाच उरले. इनेझ त्यांच्यावर वाकली. पुन्हा फोटो, पुन्हा गाठ. सहा वाजून नऊ मिनिटं. दहा. अजून थोडं बघितलं तर जुळतील, नक्की जुळतील. कानांत रक्त धडधडत होतं, आणि हे धडधडणं तिच्या ओळखीचं होतं. उतारावर, तोल गेल्यानंतर, सावरायच्या हट्टात असंच वाटायचं.

ती ताठ उभी राहिली. "हे पाच बाजूला ठेवा. बाकीचे भरा."

"अगो, ती माणसं शिव्या घालतील!"

"मला घालू देत. पाच पुडे पडले, हंसाताई. टेम्पो पडायला नको."

सहा वाजून चौदा मिनिटांनी टेम्पो फाटकातून बाहेर पडला. वर्गातसुद्धा हळू बोलणारी इनेझ एवढ्या जोरात ओरडली, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. हंसाताईंनी तिला मिठीच मारली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडचं जास्वंदीचं कुंपण हललं आणि केसांत पानं अडकलेले ऑगस्टीनकाका बाहेर आले.

"काका! काकीने सोडलं कसं?"

"ती पुढच्या दाराशी बसलीय. मागचं उघडंच होतं." लंगडत ते आत आले. उरलेल्या पुड्यांवर त्यांनी नुसती नजर टाकली. "तीन मार्सेलचे, दोन ज्युडचे. दोघांकडे फोटोवाला फोन नाही."

"म्हणजे तुम्हाला तिथून सगळं..."

"सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. दहा वेळा हाक मारायला तोंड उघडलं." ते हंसाताईंकडे वळले. "बांधणाऱ्यालाच विचारायचं! तीस वर्षांत मला हे सुचलं नाही, हंसा."

"तुम्हाला कुठे गरज पडली, दादा?"

काका स्टुलावर टेकले. जवळजवळ रिकाम्या झालेल्या टेबलावरून त्यांनी हात फिरवला. चेहऱ्यावर आधी काहीतरी दुखल्यासारखं उमटलं, मग हळूहळू एक हसू पसरलं, अगदी पोरकट.

"तू ते पाच बाजूला ठेवलेस ना," ते इनेझला म्हणाले, "त्यानंतर हाक मारावीशी वाटली नाही."

ते उठायला गेले. गुडघ्याने साथ दिली नाही. टेबलाची कड धरून, ओठ दाबून ते अर्धवट उभे राहिले. इनेझने पुढे केलेला हात त्यांनी घट्ट पकडला.

"डॉक्टरांना फोन लाव."

"आत्ता? दवाखाना नऊला उघडतो, काका."

"मग नऊला लाव. पण मी आत्ता बोलून टाकतो, तुम्हा दोघींच्या देखत, म्हणजे मला फिरता यायचं नाही." त्यांनी श्वास घेतला. "मी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतोय. याच महिन्यात."